ज्याचा हात, त्याची रेघ

आमच्या गॅरेजात एक नियम होता. इंजिनाच्या तोंडाशी क्रँकची, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, मोठी पुली असते. तिच्या मधला बोल्ट जो शेवटी आवळेल, त्यानेच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी बोल्टावर आणि अर्धी पुलीवर. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, आणि गाडी परत आली तर शिव्या कुणाला घालायच्या तेही कळतं. "ज्याचा हात, त्याची रेघ," असं बाबा म्हणायचे. दुसऱ्याने आवळलेल्या बोल्टावर आपण रेघ ओढणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी होती. ही चोरी मी दोन वर्षं केली, आणि तीही बाबांच्याच रेघेची.

बाबांना सगळे उस्ताद म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. गाडी दारात यायच्या आधी नुसत्या आवाजावरून ते आजार सांगायचे, अशी त्यांची ख्याती. ती खरी होती, पण कान होते तोवर. कान गेल्यावरही ख्याती राहिली, कारण ख्यातीला कान लागत नाहीत.

क्रँकचा बोल्ट टॉर्क पान्याने आवळतात. हवी तेवढी ताकद पान्याच्या दांड्यावर ठरवून ठेवायची. तेवढी भरली की पाना हातातल्या हातात टक् करतो. टक् होईपर्यंत ओढायचं आणि टक् झालं की थांबायचं. यात अक्कल कमी आणि खांदा जास्त लागतो. बाबांचा खांदा गेला होता, साखरेने बोटं बधिर झाली होती आणि कानांचं तर सांगितलंच. टक् त्यांना ऐकूही येत नव्हतं आणि हातालाही कळत नव्हतं. ते दातओठ खाऊन ओढायचे, त्यांच्या मनात कुठेतरी टक् व्हायचं, आणि ते म्हणायचे, "झालं." मग ब्रश घ्यायचे आणि रेघ ओढायचे.

मला हे कळलं एका टॅक्सीमुळे. आठ दिवसांत परत आली. बोल्ट सैल, पुली डुगडुगतेय, आतली खाच चघळल्यासारखी झालेली आणि बाबांची रेघ दोन तुकड्यांत. बाबा म्हणाले, ड्रायव्हरने बाहेर कुणाकडून तरी खोलून घेतलं असणार. तो बिचारा शपथा घेत राहिला. मी बाबांची बाजू घेतली आणि टॅक्सीवाल्याला चार शब्द सुनावले. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो, आणि आठवला की मला स्वतःची लाज वाटते.

तेव्हापासून बाबा दुपारी जेवून वर तासभर पडले की मी खाली यायचे. आम्ही गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांतच राहायचो. पाना लावायचा, राहिलेलं टक् होईपर्यंत ओढायचं, त्यांची तुटलेली रेघ थिनरच्या फडक्याने पुसायची आणि त्याच जागी तशीच दुसरी ओढायची. ती नक्कल मला इतकी जमली होती की खुद्द बाबांनाही ओळखू येणार नाही, असा माझा समज होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. उस्तादांच्या हातावर गॅरेज चालत होतं. मूठ उघडून कुणाचं भलं होणार होतं?

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एकदा लग्न झालं. नवऱ्याचं आणि माझं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की आपलं पटत नाही. तीन वर्षांनी परत आले ती सरळ गॅरेजात शिरले, त्याला आता सोळा वर्षं झाली. आई तेव्हाच गेली. इंजिन उतरवणं, गिअरबॉक्स खोलणं, हेड बसवणं, सगळं मी करायचे. फक्त क्रँकचा बोल्ट बाबांचा. गिऱ्हाईक त्यासाठीच उभं राहायचं. उस्तादांचा हात लागला म्हणजे गाडीला काही होत नाही, असं लोक एकमेकांना सांगायचे.

आणि एक धाकटा. माझा भाऊ, चौतीस वर्षांचा, लग्न करून वेगळा राहणारा. त्याने आधी मोबाइलची कव्हरं विकली, मग गाड्यांच्या सीटची कव्हरं, मग गाडीत बसवायचे भोंगे. प्रत्येक धंदा सुरू करताना पेढे वाटल्यासारखा चेहरा करायचा, आणि बंद करताना आमच्याकडे जेवायला यायचा. स्वभावाने वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान नीट भांडता तरी आलं असतं.

तर एका रविवारी हा धाकटा हातात खोका घेऊन आला. आत निळी चकचकीत पुली. नेहमीच्या पुलीपेक्षा लहान, अॅल्युमिनियमची, हातात घेतली तर खेळण्यातली वाटावी.

"बाबा, हे बघा. गाडीची ताकद वाढते," तो त्यांच्या कानाशी ओरडला. "दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांच्या गाडीला बसवायचीय. उद्या येतायत. म्हणाले, उस्तादांच्या हातानेच पाहिजे."

ताकद वाढते म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. क्रँकच्या पुलीवरून पट्टा जातो, आणि त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप, बॅटरी भरणारा अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, एसी असं सगळं कुटुंब जेवतं. पुली लहान केली की पट्टा हळू फिरतो, या सगळ्यांचा घास कमी होतो आणि वाचलेलं चाकांना मिळतं. घरात राबणाऱ्यांच्या ताटातलं काढून लाडक्या पोराला वाढायचं, तसलं हे शास्त्र. शिवाय जुन्या पुलीत दोन लोखंडी कड्यांच्या मधे रबर असतं, ते क्रँकची थरथर गिळतं. नव्या पुलीत रबर नव्हतं. थरथर आता कुणी गिळायची, ते खोक्यावर छापलेलं नव्हतं.

मी बाबांकडे पाहत राहिले. असलं काही घेऊन कुणी आलं की बाबा म्हणायचे, "कंपनीवाल्यांनी अक्कल गहाण ठेवून इंजिन बनवलंय आणि तू शहाणा निघालास, होय?" एकाला तर त्यांनी गाडीसकट परत पाठवलं होतं. मी त्या वाक्याची वाट पाहत होते. बाबांनी पुली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मला म्हणाले, "बसव उद्या."

मग, जणू त्याच विषयाचा पुढचा भाग असावा तसं, म्हणाले, "आणि ऐक. कागद करून घेतोय. गॅरेज धाकट्याच्या नावावर."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "आणि मी?"

"तू आहेसच की."

"बाबा, याला पाना कुठला आणि चमचा कुठला ते कळत नाही."

"ताई!" धाकटा हसत म्हणाला.

"शिकेल," बाबा म्हणाले.

"आणि मी सोळा वर्षं काय केलं इथे?"

बाबांनी पुली खोक्यात ठेवली, झाकण लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा हात हलका आहे. क्रँकचा बोल्ट ज्याला आवळता येत नाही, त्याच्या नावावर गॅरेज कसं करायचं? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"याला येतो?"

"पुरुषाचा खांदा आहे. येईल."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. दोन वर्षांतला एकेक बोल्ट, एकेक गाडी मला पाठ होती. तेव्हा बोलले असते तर गॅरेज कदाचित माझं झालं असतं, पण बाबा त्याच दिवशी म्हातारे झाले असते. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठीच वापरली होती.

"ताई, तू कशाला टेन्शन घेतेस?" धाकटा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तुझी जागा पक्की आहे. मी काय तुला काढणार आहे का?"

हे त्याने खरोखर मायेने म्हटलं. मला तीच पुली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली, पण ती इतकी हलकी होती की लागली नसती.

जिना चढता चढता मी ठरवलं. उद्या बाबा "झालं" म्हणाले की दुपारची वाट पाहायची नाही. डॉक्टरसमोर आणि धाकट्यासमोर पाना लावायचा आणि राहिलेलं आवळून दाखवायचं. हात कुणाचा हलका आहे ते चार डोळ्यांना दिसू दे. बाबांचं काय होईल याचा विचार मनात आला, तो मी बाजूला सारला. त्यांनी माझा केला होता का?

दातांचा डॉक्टर सकाळी नऊलाच आला. गोरा, नीटनेटका, हात पाठीमागे बांधून उभा राहणारा. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर घाटाच्या रस्त्यावर गाडी पळवायची, असा त्याचा कार्यक्रम. मी पुढचं उजवं चाक काढलं, आतला प्लॅस्टिकचा पडदा काढला, तेव्हा तो वाकून बघत म्हणाला, "तिला दुखणार नाही ना?"

"तिला आत्ता नाही दुखणार, तुम्हाला उन्हाळ्यात दुखेल," मी म्हणाले. "गाडी गर्दीत अडकली की पाणी तापणार. पंप हळू फिरतो यात. दिवे, एसी, गाणी सगळं एकदम लावलंत तर बॅटरी बसणार. जुनी पुली डिकीत ठेवा, टाकू नका."

"ताई, निगेटिव्ह नको ना बोलूस," धाकटा मधेच म्हणाला. "डॉक्टर, आमची ताई जरा जुन्या वळणाची आहे."

मी ताणणारी पुली फिरवून पट्टा उतरवला. क्रँक फिरू नये म्हणून दांडी अडकवली आणि बोल्टावरच्या पान्याला लांब पाइप लावून ओढला. कंपनीत आवळलेला बोल्ट होता, कण्हत सुटला. पुलर लावून जुनी पुली खेचली. डॉक्टरच्या तोंडून नकळत "सावकाश, सावकाश" निघालं, बहुधा सवयीने. मागचं सील पाहिलं, तेल गळत नव्हतं. दांड्याचं टोक पुसून कोरडं केलं, खाचेत चावी, म्हणजे पुली घसरू न देणारी लोखंडी पट्टी, नीट बसलीय ना ते बोटाने चाचपलं आणि नवी पुली सरळ धरून आत सरकवली. नवा बोल्ट, आट्यांवर तेलाचा एक थेंब, हाताने शेवटपर्यंत फिरवला. टॉर्क पाना लावून आकडा ठरवला. मग बाबांना बोलवायला धाकट्याला वर पाठवलं.

बाबा जिना उतरून आले. स्वच्छ शर्ट घातला होता, बाह्या दुमडलेल्या. डॉक्टरने हात जोडले. बाबांनी पाना घेतला, पाय रोवले. दांडी मी धरली होती, त्यामुळे पान्याची ताकद माझ्या हाताला कळत होती. ते ओढत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कुठेही टक् झालं नाही. जे व्हायला हवं होतं त्याच्या निम्म्यावर ते थांबले.

"झालं," बाबा म्हणाले.

पिवळ्या रंगाची बाटली उघडली, ब्रश बुडवला, रेघ ओढली. डॉक्टरने वाकून फोटो काढला. धाकटा म्हणाला, "बघितलंत? हात बघा या वयात."

मी दांडी सोडली नाही. पाना परत बोल्टावर चढवला आणि म्हणाले, "डॉक्टर, एक मिनिट थांबा. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

बाबांना ते ऐकू गेलं नसणार, पण पान्यावरचा माझा हात त्यांना दिसला. ते धाकट्याकडे वळले. "डॉक्टरांना वर घेऊन जा. चहा टाक."

"मी?"

"तूच. जा."

दोघं जिना चढून गेले. वर भांडी आपटल्याचा आवाज आला. बाबा जुन्या टायरच्या चळतीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "कर."

"काय करू?"

"मी जेवून पडलो की करतेस ते."

बाबांशी हळू बोलता येत नाही आणि मोठ्याने बोललं तर वर ऐकू जाणार. शेवटी मी त्यांच्या कानाला तोंड लावून विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. रेघ." त्यांनी बोटाने हवेत ओढून दाखवली. "मी बोल्टापासून बाहेर ओढतो. ब्रश टेकतो तिथे रंग जाड बसतो. तू बाहेरून आत आणतेस. जाड टोक पुलीवर येतं."

नक्कल करताना मी जागा पाहिली होती, लांबी पाहिली होती, रुंदी पाहिली होती. रेघ सुरू कुठून होते ते पाहायचं राहिलं होतं. म्हणजे दोन वर्षं बाबांची रेघ म्हणून जी रस्त्यांवर फिरत होती ती माझीच होती, आणि ते बाबा रोज बघत होते.

"कर लवकर. ते येतील खाली," बाबा म्हणाले.

मी दांडी चेसीला अडकवली आणि पाना ओढला. बोल्ट फिरला, आणखी फिरला, मग टक् झालं. पिवळी रेघ मधोमध तुटली. बोल्टावरचा तुकडा पुढे निघून गेला आणि पुलीवरचा मागे राहिला. मधे दोन बोटं मावतील एवढी जागा.

बाबा त्या जागेकडे बघत होते. "एवढं राहतं?"

"कधी कधी जास्त."

त्यांनी मान हलवली. मी परत त्यांच्या कानाशी गेले. "मग काल माझा हात हलका म्हणालात ते काय होतं?"

"काहीतरी सांगावं लागतं."

"मला? माझ्याशी खोटं बोलावं लागतं?"

"धाकट्याला काही येत नाही," बाबा म्हणाले. अगदी साधेपणाने, गाडीचा आजार सांगावा तसं. "ज्याला हात लावला ते बुडवलं त्याने. त्याला डोक्यावर छप्पर तरी पाहिजे. तुझं काय? तू रस्त्याच्या कडेला पाना घेऊन बसलीस तरी लोक गाड्या घेऊन येतील. असा हात मी दुसरा पाहिला नाही."

"म्हणजे मला येतं, म्हणून मला नाही."

"हो," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही. राग आला, इतका की हातातला पाना जड वाटायला लागला. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा स्पार्क प्लग काढला तेव्हापासून या माणसाने एकदा, फक्त एकदा, तुझा हात चांगला आहे म्हणावं म्हणून मी झुरत होते. शेवटी त्यांनी ते म्हटलं, आणि ते मला काही न देण्याचं कारण म्हणून.

"आणि तो जे बोल्ट आवळेल ते?" मी विचारलं.

"तू आहेस ना."

"मी नसेन."

बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून हसले. "सैल बोल्ट दिसला तर तू सोडून जाशील? मला माहीत आहे तुझं."

मी थिनरचं फडकं घेतलं आणि तुटलेली रेघ पुसून काढली. बाबांनी रंगाची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे मी त्यांची रेघ ओढीन. मी बाटलीला झाकण लावलं आणि बाकावर ठेवून दिली.

"रेघ राहिली," बाबा म्हणाले.

"मालक ओढतील," मी त्यांच्या कानात म्हणाले.

धाकटा आणि डॉक्टर खाली आले. डॉक्टरने चहा बहुधा अर्धाच प्यायला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने पुलीकडे पाहिलं. "अहो, मघाशी उस्तादांनी पिवळी खूण केली होती ना?"

"पुसली," मी म्हणाले. "बोल्ट घट्ट आहे, काळजी नको. पण गॅरेजचे मालक बदलतायत. आता रेघ तेच ओढणार."

धाकट्याचा चेहरा उजळला. त्याने बाबांकडे पाहिलं. त्याने बाटली उघडली, ब्रश पार बुडापर्यंत बुडवला, आणि डॉक्टरचा फोन तयार आहे ना ते बघून निळ्या पुलीवर एक जाडजूड पट्टा ओढला. रंग ओघळला. सगळा पुलीवर, बोल्टावर एक ठिपकासुद्धा नाही. असली रेघ बोल्ट गळून रस्त्यावर पडला तरी तुटायची नाही.

मी बाबांकडे बघत होते. असली रेघ ओढणाऱ्याच्या हातातून त्यांनी एकदा ब्रश हिसकावून घेतला होता. तो हात माझा होता, मी विशीत होते, आणि तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"झालं," बाबा म्हणाले.

मी नवा आखूड पट्टा चढवला, चाक लावलं, गाडी खाली घेतली. डॉक्टरने इंजिन सुरू करून दोनदा पाय दाबला आणि खूष झाला. तो गेल्यावर मी धाकट्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: खांदा, कान, टॅक्सी, दुपारचा एक तास. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तुला वाईट वाटतंय ते मी समजू शकतो. पण म्हणून बाबांच्या हाताला नावं ठेवू नकोस."

त्याच आठवड्यात मी बसच्या डेपोत कामाला लागले आणि जवळच एक खोली घेतली. तिथे रेघ नसते, छापील कागदावर सही करावी लागते. निघताना मी गॅरेजातून एकच वस्तू उचलली, टॉर्क पाना. तो मी माझ्या कमाईतून घेतला होता. पाना गेला म्हणून गॅरेजचं काही अडलं नाही. धाकट्याने नवा आणला, त्याच्यावर निळी मूठ आहे.

दहाव्या दिवशी बाबांचा फोन आला. ते फोन करत नाहीत, पलीकडचं ऐकू येत नाही म्हणून. मी "हॅलो" म्हणायची वाटसुद्धा त्यांनी पाहिली नाही. "शाळेची गाडी आहे. क्रँकचं सील बदललंय. बोल्ट मी आवळला. उद्या सकाळी मुलं बसतील," एवढं बोलून ठेवून दिला. ये असंसुद्धा म्हणाले नाहीत.

मी डेपोच्या बाकावर बसून चहा मागवला. स्वतःला सांगितलं की आता आपला संबंध नाही. गॅरेज ज्याच्या नावावर आहे त्याने बघावं. बुडू दे, एकदाचं कळू दे. चहा अर्धा झाला आणि मी कप खाली ठेवून पाना घेतला. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की त्या म्हाताऱ्याने मला अचूक ओळखलं होतं.

आता दर दोन-चार दिवसांनी जाते, डेपोतल्या जेवणाच्या सुट्टीत. बाबा तेव्हा वर पडलेले असतात. झोपलेले नसतात हे आता मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. मी पाना लावते, राहिलेलं ओढते, टक् होतं. रेघ मी ओढत नाही. बाबांची तुटलेली तशीच ठेवते, कुणाला दिसली तर दिसू दे म्हणून. आजवर कुणालाही दिसलेली नाही. परवा दातांचा डॉक्टर आला होता, गाडी चौकात उकळली म्हणून. धाकटा त्याला म्हणाला, यंदा ऊनच फार आहे.

मी गाडीखालून बाहेर येत होते. डॉक्टरने मला ओळखलं. "अरे, ताई अजून येतात का इथे?"

"येते अधूनमधून," धाकटा म्हणाला आणि मायेने माझ्याकडे बघून हसला. "काय करणार, तिला आमच्याशिवाय करमत नाही."